ब्रेकची झीज : अंदाज नको, माप घ्या



या सदरातून आपण आजवर बियाण्याच्या मात्रेबद्दल बोललो, फवारणीच्या प्रमाणाबद्दल बोललो, माती परीक्षणाबद्दल तर अनेक वेळा बोललो. आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, साहेब शेती सोडून गॅरेजमध्ये कुठे शिरले? पण आज आपल्या दारात बैलजोडीच्या जागी ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि पुष्कळ ठिकाणी पिकअप गाडी उभी असते. माल पिकवणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो बाजारात सुखरूप पोचवणे आणि माल नेणारा माणूस सुखरूप घरी येणे महत्त्वाचे आहे. म्हणून आज ब्रेकची झीज आणि ती मोजण्याचे एक छोटेसे यंत्र, म्हणजे मायक्रोमीटर, याविषयी चार गोष्टी सांगतो.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस जुन्नर तालुक्यात एका बागायतदाराकडे टोमॅटोवरील करपा पाहायला गेलो होतो. त्यांना आपण अण्णा म्हणू. प्लॉट पाहून घरी आलो तर अंगणात पिकअपमध्ये क्रेट भरणे चालू होते. अण्णांचा थोरला मुलगा गाडी चालवतो. संध्याकाळी माल भरायचा, रात्री माळशेज घाट उतरायचा आणि पहाटे कल्याणच्या बाजारात पोचायचे, हा त्याचा नेम. चहा घेताना तो सहज म्हणाला, "साहेब, घाटात ब्रेक दाबला की पायाखाली पेडल थरथरतंय. पण मिस्त्रीनं तीन आठवड्यांमागं नवे पॅड टाकलेत. म्हणाला, बसतील हळूहळू."

मी विचारले, "पॅड नवे टाकले, पण डिस्क मोजली का?"

मुलगा म्हणाला, "हातानं चाचपून बघितली. जाड आहे म्हणाला."

तेवढ्यात चहाचे कप उचलायला आलेल्या वहिनी म्हणाल्या, "साहेब, हा घाट उतरून फोन करीस्तोवर माझा डोळा लागत नाही. काय मोजायचं असेल ते मोजून घ्या एकदा."

वहिनींचे बोलणे ऐकून मलाच अवघडल्यासारखे झाले. आपण डेअरीवर दूध घालतो तेव्हा फॅट ३.५ लागली की ३.६, यावरून हुज्जत घालतो. एका पॉइंटने दर बदलतो हे आपल्याला पक्के ठाऊक असते. मग ज्या लोखंडी चकतीवर पोराचा जीव टांगलेला आहे, ती मात्र हाताने चाचपून 'जाड आहे' असे म्हणून सोडून द्यायची? हा कुठला हिशेब?

पाट्यासारखी झिजलेली डिस्क

त्या संध्याकाळी अण्णांनी माल शेजाऱ्याच्या गाडीत चढवला आणि आम्ही पिकअप घेऊन एका लेथवाल्या फिटरकडे गेलो. हे गृहस्थ चाकणच्या एका कारखान्यात उमेदीची वर्षे घालवून गावी परतलेले. त्यांनी पुढचे चाक खोलले. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती म्हणजे डिस्क. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात आणि गाडी थांबते.

फिटरने आधी साधे व्हर्नियर लावले. माप आले २३.९० मिलिमीटर. अण्णा म्हणाले, "मग झालं की. नवी डिस्क २४ ची असते म्हणतात."

फिटर हसले. त्यांनी दुसरे यंत्र काढले. ते होते मायक्रोमीटर, पण त्याची दोन्ही टोके टोकदार होती. ती टोके त्यांनी डिस्कच्या काठापासून बोटभर आत टेकवली. माप आले २१.७८. डिस्क फिरवत फिरवत त्यांनी आठ ठिकाणी माप घेतले. सर्वांत जास्त २१.८०, सर्वांत कमी २१.७४. मग चिंधीने डिस्कचा मधला भाग पुसून त्यांनी तिच्यावर कोरलेला आकडा दाखवला : कमीत कमी जाडी २२ मिलिमीटर. म्हणजे ही डिस्क बाद होऊन काही दिवस उलटले होते आणि तिच्यावर नवे कोरे पॅड बसवलेले होते.

एकाच डिस्कची दोन मापे कशी? याचे उत्तर वहिनींच्या स्वयंपाकघरात आहे. जुना पाटा आठवा. वरवंटा जिथे फिरतो तिथे मध्यभागी खळगा पडतो आणि काठ उंच राहतात. त्या पाट्यावर आडवी पट्टी ठेवली तर ती दोन्ही काठांवर टेकेल आणि पाटा झिजलेला नाही असे वाटेल. डिस्कचेही तसेच होते. पॅड जिथे घासतो तो पट्टा झिजतो, अगदी बाहेरची कड तशीच राहते. व्हर्नियरचे जबडे त्या कडेवर बसले आणि कडेची जाडी दाखवून मोकळे झाले. टोकदार मायक्रोमीटर मात्र थेट खळग्यात उतरला. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ही म्हण इथे तंतोतंत लागू पडते.

पेडल थरथरण्याचे कारणही तिथेच सापडले. डिस्क सगळीकडे सारखी जाड असेल तर पॅड तिला एकसारखे धरतात. ती कुठे जाड, कुठे पातळ झाली की प्रत्येक फेऱ्याला पॅड मागे-पुढे ढकलले जातात आणि तो धक्का तेलातून पायापर्यंत येतो. इथे फरक होता ०.०६ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीएवढासुद्धा धड नाही. डोळ्याला तो दिसणे शक्य नाही. पायाला मात्र जाणवतो. म्हणून पेडल थरथरू लागले तर 'बसेल हळूहळू' म्हणून दुर्लक्ष करू नका.

पातळ डिस्कने बिघडते काय?

पुष्कळांना वाटते, दोन मिलिमीटर झिजली तर काय होते? म्हणून ब्रेकचे खरे काम समजून घेऊ. ब्रेक गाडीच्या वेगाचे उष्णतेत रूपांतर करतो. ही उष्णता आधी डिस्क पोटात घेते आणि मग वाऱ्याला देते.

किती उष्णता? मालासह ३ टन वजनाची गाडी १०० मीटर उंची उतरली, तर त्यातून निघणाऱ्या उष्णतेत सुमारे १० लिटर साधे पाणी उकळीला येईल. हा हिशेब फक्त १०० मीटरचा आहे. मोठा घाट त्याच्या कितीतरी पट असतो. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर यातला बराच भार इंजिन उचलते. न्यूट्रलमध्ये घाट उतरणारा शहाणा हा सगळा भार ब्रेकवर टाकतो. दोन पैशांचे डिझेल वाचवण्याचा हा मार्ग नव्हे, बंधूंनो.

आता पातळ डिस्क म्हणजे लहान भांडे. त्याच जाळावर लहान भांडे लवकर तापते. डिस्क फाजील तापली की पॅडची पकड कमी होते आणि उष्णता ब्रेक ऑईलपर्यंत पोचते. डॉट ३ जातीचे नवे ब्रेक ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. ओलावा मुरलेल्या तेलासाठी हीच किमान मर्यादा १४० अंश धरलेली आहे. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, पण वाफ दाबली जाते. म्हणून पेडल सरळ खाली जाते आणि गाडी थांबत नाही. घाटात 'ब्रेक फेल झाला' असे आपण म्हणतो, त्यामागे बरेचदा हेच असते. शिवाय पातळ डिस्क तडकण्याची किंवा वाकडी होण्याची भीती असते ती वेगळीच.

मायक्रोमीटर आहे तरी काय?

नाव मोठे असले तरी आतली करामत एका नट-बोल्टची आहे. घोड्याच्या नालेसारखी एक पोलादी चौकट असते. तिच्या एका टोकाला न हलणारी ऐरण आणि दुसऱ्या टोकातून पुढे सरकणारा बारीक आट्यांचा स्क्रू असतो. मोजायची वस्तू या दोहोंच्या मध्ये धरायची.

या स्क्रूचे आटे असे पाडलेले असतात की एक पूर्ण फेरा दिला की तो बरोबर अर्धा मिलिमीटर सरकतो. फिरणाऱ्या नळीच्या कडेवर ५० रेघा असतात. अर्ध्या मिलिमीटरचे ५० भाग म्हणजे एका रेघेचे मोल ०.०१ मिलिमीटर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा. डोळ्याला न दिसणारे सरकणे फिरवून मोठे करून दाखवायचे, एवढीच ही युक्ती. पॅरिसच्या झां लॉरां पामर यांनी १८४८ साली अशा हातातल्या स्क्रूमापीचे पेटंट घेतले आणि फ्रान्समध्ये या यंत्राला आजही 'पामेर' म्हणतात. आता आकडे थेट पडद्यावर दाखवणारे मायक्रोमीटरही मिळतात, पण रेघांचा मायक्रोमीटर नीट वापरला तर तोही तितकाच इमानी असतो.

वाचायचे कसे, तेही सांगतो. शाळेत जाणाऱ्या मुलांना जवळ बसवा, ती लगेच शिकतील. स्थिर नळीवर २१ ची रेघ दिसते आहे, तिच्या पुढची अर्ध्याची रेघही उघडी पडली आहे आणि फिरत्या नळीवरची २८ वी रेघ समोर आली आहे. तर माप झाले २१ अधिक ०.५० अधिक ०.२८, म्हणजे २१.७८ मिलिमीटर. नवखा माणूस ती अर्ध्याची रेघ विसरतो आणि २१.२८ वाचतो. चूक लहान वाटते, पण ब्रेकच्या कामात अर्धा मिलिमीटर म्हणजे बाद की चालू एवढा फरक आहे.

माप घेताना ही पथ्ये पाळावीत :

१. आधी शून्य तपासा. दोन्ही टोके पुसून जुळवली की शून्यावर शून्य आले पाहिजे. तराजू वापरण्याआधी आपण काटा मध्यावर आहे का ते पाहतो, तसेच हे. शून्य नसलेल्या यंत्राचे प्रत्येक माप खोटे.

२. नळी मुठीत धरून आवळू नका. शेवटी छोटी घुंडी असते, ती फिरवा. दोन-तीन वेळा टकटक वाजले की थांबा. जोर लावला तर माप कमी येते आणि यंत्रही बिघडते.

३. डिस्क थंड होऊ द्या. लोखंड तापले की फुगते. २२ मिलिमीटरची डिस्क १०० अंशांनी तापली तर तेवढ्यानेच ०.०२ मिलिमीटरहून थोडे जास्त माप येते. शिवाय हात भाजेल तो वेगळाच.

४. डिस्कवरची माती आणि गंज पुसा. काठापासून साधारण १० मिलिमीटर आत, गोलाकार आठ ठिकाणी माप घ्या. आठांपैकी सर्वांत कमी आकडा खरा धरा. सरासरी काढू नका. दावे जिथे कच्चे असते तिथेच तुटते.

५. काम झाल्यावर यंत्र पुसून, तेलाचा हलका हात फिरवून, टोके किंचित मोकळी ठेवून पेटीत घाला.

कोणत्या गाडीचे काय मोजायचे?

मोटारसायकल : पुढे डिस्क असेल तर तिच्यावर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. त्याच्या आधी 'मिन' किंवा 'मिन टीएच' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे असतात. ही डिस्क नवी असतानाच साधारण ४ ते ५ मिलिमीटरची असते, त्यामुळे तिच्याजवळ झिजायला फार माया नसते. ड्रम ब्रेक असेल तर बऱ्याच मोटारसायकलींना ब्रेकच्या दांडीपाशी बाण आणि ताटलीवर खूण केलेली असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेच्या पुढे गेला तर आतले लायनर संपले असे समजा. याला यंत्रही लागत नाही, फक्त वाकून पाहण्याचे कष्ट लागतात.

पिकअप आणि जीप : पुढच्या डिस्कची गोष्ट वर आलीच. पॅड मोजताना फक्त घासणाऱ्या भागाची जाडी मोजा. पाठीमागची लोखंडी पट्टी त्यात धरू नका. आतला आणि बाहेरचा असे दोन्ही पॅड पाहा, कारण पुष्कळदा आतला जास्त झिजलेला असतो आणि बाहेरून डोकावणाऱ्याला तो दिसत नाही. किमान जाडी गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. मागच्या ड्रमची गोष्ट उलटी : डिस्क झिजली की पातळ होते, ड्रम झिजला की आतून मोठा होतो. म्हणून ड्रमवर जास्तीत जास्त व्यासाचा आकडा असतो. तो मोजायला आतून माप घेणारे वेगळे यंत्र लागते, ते चांगल्या लेथवाल्याकडे असते.

ट्रॅक्टर : ट्रॅक्टरला डावा आणि उजवा असे दोन ब्रेक असतात. शेतात वळताना ते वेगळे वापरतात, पण रस्त्यावर दोन्ही पेडल खिट्टीने जोडलेच पाहिजेत. दोन्ही पेडलची ढिलाई सारखी हवी. एक बाजू आधी धरली तर ट्रॅक्टर त्या बाजूला ओढतो आणि मागे भरलेली ट्रॉली असेल तर अनर्थ होतो. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. तिचा सगळा लोंढा ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो, हे उसाच्या हंगामात विसरू नका. तेलात बुडालेले ब्रेक असतील तर त्यांच्या चकत्या बाहेरून मोजता येत नाहीत. पण दुरुस्तीला खोलल्या की प्रत्येक चकती मायक्रोमीटरने मोजून घ्या आणि पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहा.

एक धोक्याची सूचना. ब्रेक खोलल्यावर आतली काळी धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि ती धूळ फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसा आणि लहान मुलांना त्या जागी खेळू देऊ नका.

डेअरीच्या वहीशेजारी दुसरी वही

तुम्ही म्हणाल, मायक्रोमीटर विकत घ्यायचा का? एका घराला त्याची गरज नाही. गावात दहा-पंधरा गाड्या असतील तर मिळून एक घ्यायला हरकत नाही; पण तो हाताळणारा माणूस जाणता हवा. बाकीच्यांनी एवढेच करावे : पॅड किंवा लायनर बदलताना मिस्त्रीला आदराने पण ठामपणे सांगावे, "दादा, डिस्क मोजा आणि आकडा मला लिहून द्या." जो मोजून देईल तो आपला मिस्त्री. जो म्हणेल 'माझ्या हाताला कळतं', त्याला रामराम घालून पुढे जावे.

ते आकडे वहीत तारीख आणि किलोमीटरसह लिहावेत. समजा, २४ मिलिमीटरची नवी डिस्क २०,००० किलोमीटर चालल्यावर २३.४० झाली. म्हणजे ०.६० मिलिमीटर झिजली. २२ पर्यंत यायला अजून १.४० उरले. त्या हिशेबाने ती आणखी सुमारे ४६,००० किलोमीटर चालावी. पण घाट, ओझे आणि पावसाचा चिखल हा हिशेब मोडतात, म्हणून प्रत्येक वेळी पुन्हा मोजायचे. असे केल्याने चांगली डिस्क उगाच फेकली जात नाही आणि बाद डिस्क उगाच वापरात राहत नाही. पैसा वाचतो तो असा.

अण्णांनी दुसऱ्याच दिवशी पुढच्या दोन्ही डिस्क बदलल्या. एकाच बाजूची बदलायची नसते, नाहीतर गाडी एकीकडे ओढते. महिन्याभराने पुन्हा गेलो तेव्हा डेअरीच्या वहीशेजारी खुंटीला दुसरी वही टांगलेली होती. तिच्यात वहिनींच्या अक्षरात दोन आकडे होते : डावी २४.००, उजवी २४.०१. मी विचारले, "वहिनी, आता झोप लागते का?" त्या म्हणाल्या, "फोन येईपर्यंत जागीच असते हो. पण आता नुसती जागी असते, घाबरलेली नसते."

शेवटी एक कबुली देतो. त्या रात्री अण्णांच्या घरून परतल्यावर मी माझ्या मोटारसायकलीपाशी वाकून मागच्या ब्रेकचा बाण पाहिला. तो खुणेच्या पुढे गेला होता. पंचवीस-तीस वर्षे गावोगाव फिरून 'औषध मोजून घाला' असे लोकांना सांगणारा मी, माझाच ब्रेक अंदाजावर चालवत होतो. दुसऱ्या दिवशी लायनर बदलले, तेव्हाच हा लेख लिहायचे ठरवले.

तेव्हा बंधु-भगिनींनो, हा अंक खाली ठेवलात की एकदा दारातल्या गाडीपाशी जा आणि बाण किंवा कोरलेला आकडा शोधा. सापडला नाही तर पुढच्या बाजाराच्या दिवशी मिस्त्रीकडून मोजून घ्या. आपले माणूस रात्री घाटात असताना घरच्यांना नुसता अंदाज पुरत नाही.

रामराम.